सुमतीबाईंची काच आणि वामनरावांची अवजारं

सुमतीबाईंनी सकाळचे पोहे भिजवून चाळणीत निथळत ठेवले होते, वामनराव देवघरात निरांजनाची वात पुढे सारत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल बंद होती. वामनरावांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्समध्ये जन्म काढला होता. घरच्या बेलसाठी मात्र योग्य ते अवजार त्यांना अजून मिळायचं होतं.

"आलं वाटते!" घंटी तशीच पाटावर टाकून ते धावले. देवांची आरती अर्धी राहिली, कुरियरवाल्याची पुरी झाली.

खोक्यात काय असणार हे सुमतीबाईंना न उघडता कळलं. नवीन अवजार.

मुलगी मयुरा मनीषनगरात नव्या फ्लॅटमध्ये जाणार होती. तिच्या देवघराच्या दाराला बसवायला सुमतीबाई रंगीत काचेचं कमळ करत होत्या. बी.एस्सी.ची पदवी संदुकीत ठेवून त्यांनी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं खिडक्यांवरची राख पुसली. आता धरमपेठेत क्लास लावून त्या हे शिकल्या होत्या. काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावायची, दोन्ही अंगांनी सारखी दुमडायची, घोटून सपाट करायची आणि मग तुकडे सोल्डरनं जोडायचे. घोटायला त्या कपड्यांच्या लाकडी चिमट्याचं एक पातं वापरत.

"चिमटा?" वामनरावांना धक्काच बसला होता. "लोकं काय म्हणतील? इंजिनिअरिंगवाल्याच्या घरी चिमटा?"

तेव्हापासून अवजारं येऊ लागली. पहिलं आलं ते खाचेचं. त्या खाचेत सुमतीबाईंची जाड काच शिरेचना. मग टेबलावर ठेवायचं चाक आलं. त्यानं पट्टी अशी बसे, की एकीकडचा काठ रुंद नि दुसरीकडचा अरुंद. वामनरावांच्या विणकर वडिलांनी असं लुगडं पाहिलं असतं तर मागावरूनच उठवलं असतं विणणाऱ्याला. मग घोटायची परदेशी कांडी आली. तिच्यानं घोटलेली पट्टीही सोल्डरचा चटका लागला की उचकटे.

आणि आज संध्याकाळी सुतार दार बसवायला येणार होता. कमळ झालं नाही तर लकडगंजातून फुलांची छापील काच आणायची, असं वामनरावांनी परस्पर ठरवलंही होतं. मयुरा काल फोनवर म्हणाली होती, "चालते ना आई, छापील बी छान दिसते." त्या 'चालते'नं सुमतीबाईंना रात्रभर झोप आली नव्हती.

"सुमे, हे पाय वं! रबरी चाकं हाय याले. आता पट्टीचा बाप नाही निघत."

"मागच्या बारीले बी बापच काढला होता तुम्ही. पट्टी निघालीच."

"ते अवजारच भुक्कड होतं!"

वामनरावांनी नव्या अवजाराला हळदकुंकू लावलं. दसऱ्याला वडील मागाच्या धोट्याची पूजा करत. वामनरावांनी ती प्रथा कुरियरच्या वेळापत्रकाला जोडून टाकली होती. अवजाराची पूजा झाली, तसं ते ताटातल्या काचांकडे वळले आणि त्याच अंगठ्यानं एकेका पाकळीची कड कुरवाळू लागले.

"हे काय करून राहिले?"

"काचेलेही लावतो ना रोज. काम चांगलं होते."

"रोज?"

सुमतीबाईंनी काल निघालेली पट्टी उलटी केली. चिकट बाजूवर पिवळं काहीतरी होतं. काल त्यांना तो गोंदाचाच रंग वाटला होता. आता उजेडात धरली, तर पिवळ्यात अंगठ्याच्या रेषा दिसल्या.

"इकडे या. हे काय हाय?"

"हळद."

"आणि हे चमकून राहिलं ते?"

"तेल असंन. वातीचं." वामनराव जरा थबकले. "शुभ असते वं."

"प्लँटात पाइपाले टेप लावायच्या आधी काय करत होते तुम्ही?"

"पुसत होतो."

"काहून?"

"तेलावर कुठं टेप..." वामनरावांचं तोंड उघडंच राहिलं. सुमतीबाईंना वाटलं, चला, पडला प्रकाश. पण प्रकाश पडला तो मोबाइलचा. "म्हणजे मूळ अडचण सफाईची हाय! मी म्हणतच होतो. काच साफ करायचं वेगळं मशीन भेटते, थांब, उद्यापर्यंत येते का पाहातो."

सुमतीबाई उठल्या. ताट उचलून मोरीत नेलं, एकेक पाकळी साबणानं धुतली, कोऱ्या फडक्यानं कडा कोरड्या केल्या. परत आल्या तेव्हा नवऱ्याचा अंगठा मोबाइलवर फिरतच होता. मोबाइलच्या काचेवरही पिवळा ठसा उमटला होता.

त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

"ऐका. मयुराच्या दाराले माझ्या हातचंच कमळ लागन. मले मशीन नको, पूजा नको. सुतार येईपर्यंत तुम्ही माझ्या काचेले हात लावू नका."