सोंग मष्णूआप्पाचं

आमच्या मष्णूआप्पांना विणकाम येतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस. मिशा पिळदार, डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेलेली, त्यामुळे चालताना जरा कलतात. पेन्शनवर आल्यापासून दुपारची जेवणं झाली की घरामागच्या परड्यात खुर्ची टाकून लोकर आणि सुया घेऊन बसायचे. थंडीत गावातल्या निम्म्या पोरांच्या डोक्यावर आप्पांनी विणलेली टोपी असायची. मी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी, दिपाली. बेळगावजवळ मच्छेला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. तिथला एसी सोसत नाही म्हणून आप्पांचा निळा स्वेटर माझ्या खुर्चीच्या पाठीवर कायम टाकलेला असतो.

आमचं गाव गुंजी स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. आप्पांचं परडं म्हणजे फार मोठं नाही, पण फाल्गुनात बघावं. काजूच्या मोहराचा तो गोडसर, थोडा उग्र वास, शेवग्याखाली पडलेला पांढऱ्या फुलांचा सडा, बांधालगत अबोलीची रांग, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत मालूकाकीने जगवलेले गुलाब. मालूकाकी म्हणजे आप्पांची बायको. भाताची कामं संपलेली असतात, पावसाला अवकाश असतो, ऊन खणखणीत. तेच तिचे वाकळी शिवायचे दिवस. फणसाच्या सावलीत ती जुन्या साड्यांचे थर अंथरायची, कडा टाचून घ्यायची आणि एका कोपऱ्यापासून धावदोरा घालत सुटायची. एक वाकळ पुरी व्हायला महिना लागायचा. शेजारी आप्पांच्या सुया चालू. दोघं तासन् तास बसायची आणि फार तर चार वाक्यं बोलायची. लहानपणी मला वाटायचं, ह्यांचं भांडण आहे की काय. मग मोठी झाल्यावर कळलं की आमच्या घरात त्या दोघांइतकं कुणाचंच जमत नव्हतं.

विणकाम कुठं शिकलात म्हणून कुणी विचारलं तर आप्पा एकच सांगायचे, "हिमाचलचा एक पोरगा हुता आमच्या तुकडीत. त्यानं शिकवलं. बर्फात दुसरं काय करणार?" काकीलाही त्यांनी लग्नानंतर हेच सांगितलेलं.

रवळू हा आप्पांचा दोस्त, दोन घरं सोडून राहणारा. दोघांनी एकत्र म्हशी राखल्या, एकत्र शाळा बुडवली. आप्पा भरती झाले, रवळू गावात राहिला आणि गावचा सोंगाड्या झाला. शिमग्यात देवळापुढच्या पटांगणात, मांडावर, रवळूचं सोंग असलं की बायका भाकऱ्या तव्यावर टाकून पळत यायच्या. तलाठी, एसटीचा कंडक्टर, बँकेतले साहेब, कुणालाही तो सोडत नसे. ज्याचं सोंग घेतलं तोसुद्धा पोट धरून हसायचा. आप्पा दरवर्षी पुढच्या रांगेत.

दोन वर्षांपूर्वीची रंगपंचमी. मला सुट्टी नव्हती. दुपारी जेवताना गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. 'रवळूकाकांचं नवीन सोंग, बघाच' असं कुणीतरी खाली लिहिलेलं. मी डबा बाजूला सारून बघायला लागले.

रवळूने कोळशाने मिशा काढल्या होत्या. अंगात जुना फौजी कोट. एका पायाने कलत तो मांडावर आला, स्टुलावर बसला, दोन लांब बांबूच्या काठ्या काढल्या आणि सुंभाचा दोर विणायला लागला. लोक हसले. मीही हसले. चाल अगदी हुबेहूब आप्पांची होती. मग डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला एकजण नर्स होऊन आला आणि म्हणाला, "मत रो, बच्चा. गिनो."

"सुलटा एक," रवळू म्हणाला आणि हुंदका दिला. "उलटा एक. आई गं! सुलटा दोन. आई गं!"

"किती रडशील?"

"चाळीस दिवस झालं सिस्टर. आज एकेचाळीसावा!"

मांडावर हशा फुटला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "दुश्मन आला, दुश्मन आला!" रवळू दोर छातीशी धरून केकाटला, "थांब म्हणावं त्याला! माझा टाका सुटतोय!"

मी हसत होते. ऑफिसातली सौम्या कन्नड बोलणारी, तिला मी कन्नडात समजावून सांगितलं आणि तीही हसली. मग व्हिडिओच्या कडेला मालूकाकी दिसली. ती आधी पदर तोंडाला लावून हसत होती. 'चाळीस दिवस' आलं तेव्हा तिने मान वळवून एका बाजूला पाहिलं. तिथे आप्पा बसले असणार, ते व्हिडिओत नव्हते. काकीने परत समोर पाहिलं, तेव्हा तिचा पदर खाली आला होता.

मी घरी फोन लावला. काकी एवढंच म्हणाली, "शनवारी ये गं."

शनिवारी गेले तर आप्पा पुढच्या कट्ट्यावर, हात मोकळे. त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आलीस? मागं जा, काकी हाय." आणि रस्त्याकडे बघत बसले.

काकी फणसाखाली वाकळीवर वाकली होती. दोऱ्याकडे बघतच बोलली.

"खरं हाय ते. सगळं खरं हाय."

"काय खरं?"

"रडायचं. दवाखान्याचं. नर्सबाईचं. हिमाचलचा पोरगा हुता, पर त्यानं काय शिकवलं न्हाय. बर्फाचा कडा कोसळला तवा तो ह्यांच्या शेजारीच गाडला गेला. ह्यांस्नी काढलं, त्याला काढस्तोवर लई उशीर झाला. मग दवाखान्यात हात थरथरायचं, रडू थांबायचं न्हाय. नर्सबाईनं सुया दिल्या हातात. घरी येऊन इचारलं तवा एवढंच बोललं हे." तिने दोरा दाताने तोडला. "रडायचं तर परवा कळलं मला. मांडावर. गावाबरोबर."

मी विचारलं, "रवळूकाकांना कसं ठाऊक?"

"ह्यांनीच सांगिटलेलं. पंधरा वरसं झाली."

ती गोष्ट मग तुकड्यातुकड्यांनी कळली. रवळूचा आठ वर्षांचा मुलगा तापाने गेला होता. रवळू महिनाभर घरातून बाहेर पडला नाही. लोकांना हसवणारा माणूस रडताना दिसला तर लोक काय म्हणतील, याचीच त्याला लाज. आप्पा त्याच्याजवळ जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती हकीकत त्यांनी तोंडातून काढली. चाळीस दिवस रडलो मीपण, मेलो न्हाय, तूपण मरणार न्हाईस, असं म्हणाले. त्यानंतर रवळू उठला, जेवला, कामाला लागला. आप्पांनी परत कधी तो विषय काढला नाही.

"माझ्या शेजारी बसून तीस वरसं विणलं ह्यांनी," काकी म्हणाली. "झोपेत ओरडायचं. मी उठून पाणी द्यायचे. म्हटलं पित्त असंल. आलं-लिंबू करून द्यायचे सकाळी. आणि हे ते पिऊन घ्यायचं गं, गुमान. एकदा तरी म्हणायचं की, पित्त न्हाय म्हणून."

तिचा राग रवळूवर होता, पण त्याहून मोठा आप्पांवर होता. आणि आप्पांना तो कळत होता. म्हणून ते पुढच्या कट्ट्यावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळू आला. अंगणात उभा राहिला, चपला हातात. रंगपंचमीपासून तो आला नव्हता.

"मष्णू, चुकलो रं."

आप्पांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"चार सालं झाली, मांडावर कुणी हसत न्हाय. पोरं खाली मान घालून मोबाईल बघत बसत्यात. मी एकटाच नाचतोय येड्यासारखा. आवंदा वाटलं, एकदा तरी हसवायचं. तुझी चाल घेतली, हसली लोकं. मग आणिक हसवावं वाटलं आणि ते तोंडातनं निघून गेलं."

"निघून गेलं?" आप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "नर्सचा टावेल घरातनं बांधून आणलातास की रं. आधी ठरवल्याबिगर?"

रवळूची मान खाली गेली.

"माझ्या चालीचं सोंग घे. मिशीचं घे. विणायचं घे. हसलो असतो मी. ते मी तुला कवा सांगिटलं, आठवतंय?"

"आठवतंय."

"तुझा पोरगा गेलता तवा."

रवळू रडायला लागला. मोठ्याने, मांडावर रडला होता तसाच, आणि आम्हाला सगळ्यांना ते ऐकवेना. काकी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता आप्पा उठतील, त्याच्या खांद्यावर हात ठेवतील. ते उठले, पण आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले.

"पाणी पी. तुझ्यावर माझा दावा न्हाय. रस्त्यात भेटलास तर बोलीन. घरात कार्य निघालं तर येईन. पर आतलं काय आता तुझ्याजवळ ठेवणार न्हाय मी."

रवळू पाणी प्याला आणि गेला. चपला त्याने फाटकाबाहेर घातल्या.

काकी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "त्याला बोललासा, बरं केलासा. आता मला सांगा. पयल्यापासनं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. काकी म्हणाली, "दिपा, बावीवरनं पाणी आण जा." घागरी भरलेल्या होत्या. मी त्या ओतून रिकाम्या केल्या आणि विहिरीवर गेले. परत आले तेव्हा दोघं परड्यात होती, आप्पा बोलत होते आणि काकीची सुई वाकळीत तशीच अडकून राहिली होती. मी पुढच्या कट्ट्यावर दोन तास बसले. आप्पा काय म्हणाले ते मी कधी विचारलं नाही.

त्याने सगळं निवळलं असं मात्र झालं नाही. आप्पांनी लोकर ट्रंकेत टाकली आणि ते वर्षभर सुयांना शिवले नाहीत. पोरं टोप्या मागायला यायची, ते म्हणायचे, डोळं गेलं. खरं तर गावातली पोरं त्यांना बघून 'सुलटा एक' म्हणायची. वाईट मनाने नाही, पोरंच ती. पण म्हणायची. काकीने ती वाकळ एकटीने संपवली आणि दुसरी घेतली नाही. दुपारी ती टीव्ही लावायची. त्या उन्हाळ्यात गुलाबांना वेळेवर पाणी मिळालं नाही आणि दोन डबे वाळून गेले. मी शनिवारी-रविवारी गेले की घरात दोघांचं बोलणं आधीपेक्षा जास्त ऐकू यायचं. मीठ हाय काय, बिल भरलं काय, उद्या बाजार हाय काय. आधीची ती गप्प बसण्यातली सोबत त्यात नव्हती.

एकदा मी काकीला म्हटलं, "आता तरी त्यांना माफ कर की."

"माफ कवाच केलं गं. खरं माझी तीस वरसं परत उलगडून बघायला लागत्यात मला. ह्या दिवशी हे हसलं ते खरं काय, त्या दिवशी गप हुतं ते कशापायी. वेळ लागतोय."

पुढच्या फाल्गुनात रवळूने सोंग घेतलं नाही. गावात कुणी फार विचारलंही नाही, पोरांनी डीजे आणला. त्याच दिवसांत एका दुपारी मी गेले तर परड्यात फणसाखाली साड्यांचे थर अंथरलेले. काकी एका कडेला आणि दुसऱ्या कडेला आप्पा, मांडी घालून. विणकामाच्या सुया नव्हत्या, शिवणाची सुई होती. धावदोरा सरळ जात नव्हता, नागमोडी चालला होता, आणि काकी तो मधून मधून उसवत होती.

"म्हटलं हेच शिकवते ह्यांस्नी," ती म्हणाली. "नवीन आसंल तर बरं."

आप्पांचे हात थरथरत होते, ते ह्या वेळी त्यांनी लपवले नाहीत.

गेल्या आषाढात रवळूला बेळगावच्या दवाखान्यात नेलं. पोटाचं ऑपरेशन. त्याच्या बायकोकडून एकटीला निभेना म्हणून निरोप आला, तर आप्पा त्याच सकाळी पिशवी भरून निघाले. तीन दिवस त्याच्या खाटेशी बसले. त्याला पेज भरवली, धरून न्हाणीत नेलं, औषधांच्या वेळा पाळल्या. मी ऑफिस सुटल्यावर एकदा जाऊन आले. रवळू आप्पांकडे सारखा बघत होता, काहीतरी बोलावं, काहीतरी विचारावं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. आप्पा त्याला सांगत होते की मलप्रभेला पाणी चढलंय, आणि रोपं लावायला ह्या वर्षी माणसं मिळत नाहीत.

चौथ्या दिवशी ते बसने घरी आले. काकीने गरम पाणी दिलं, जेवण वाढलं आणि विचारलं, "काय बोललासा त्याच्याशी तीन दिवस?"

"पावसाचं," आप्पा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.