जिन्याच्या पायरीतला सोऱ्या

आज सकाळी गच्चीवर अकरा कुरडया पडल्या आणि सोऱ्याचे आटे गेले. दांडा नुसताच गरगर फिरायला लागला. पातेल्यात निम्म्याहून जास्त चीक उरलेला, तो गार झाला की संपलंच, मग दाबला जात नाही. पौर्णिमाचं लग्न पुढच्या रविवारी. रुखवतात लेकीच्या कुरडया नाहीत म्हटल्यावर व्याही मंडळी काय म्हणतील? गहू भिजवायलाच तीन दिवस लागतात. देवाचं नाव घेतलं आणि समोरच्या सत्तारभाईंना हाक मारली.

बीडला आल्यापासून मी त्यांचं पंक्चरचं दुकान बघतेय. वस्तूचं नाव ते कधी विचारत नाहीत, काम विचारतात. सायकलीची तार वाकवून त्यांनी बायकोला, हजराबींना, नाडी ओवायला दिलीय. एका गिऱ्हाइकानं विसरलेल्या फुटक्या हेल्मेटात त्यांची कोंबडी बसते. तो गडी हेल्मेट मागायला आला तर म्हणाले, "तिला विचारून बघ."

दोघं नवरा-बायको वर आले. सोऱ्या उलटासुलटा करून सत्तारभाई म्हणाले, "वहिनी, करायचं काय ह्यानं?"

"वरून दाबायचं, खालून शेव पडते."

"आटे गेले, दांडा तर शाबूत हाय. कावून रडता?"

मग घरभर नजर फिरवली. नजर थांबली ती गच्चीच्या लोखंडी जिन्यावर. पायरीच्या दोन गजांमध्ये सोऱ्या कानांवर टांगला. दुकानातून गाडीचा जॅक आणून वरच्या पायरीला उलटा टेकवला. आता जॅक आणि दांडा यांच्यामध्ये फळी पाहिजे. देव्हाऱ्यातला पाट त्यांना दिसला, पण माझं तोंड बघून स्वतःच म्हणाले, "न्हाई, तो देवाचा. त्याला काम लागलेलं हाय." आणि माझा पोळपाट उचलला.

हजराबी म्हणाल्या, "मला तेवढं ह्यांच्यापासून लांब ठेवा. माझंबी कायतरी करून टाकतील."

"तुझं काय करणार? गप ताट धर."

सोऱ्या काही फिरणार नव्हता, म्हणून हजराबींनी खाली ताटच गोल फिरवलं. पहिली कुरडई वाकडीतिकडी पडली, आम्ही तिघंही हसलो. मी गरम चीक भरत गेले, ते जॅक फिरवत गेले. ऊन चढायच्या आत पातेलं रिकामं. एकूण त्रेपन्न झाल्या.

पोळपाटाला मात्र मधोमध खळगा पडला. मी हळहळले.

"टाकू नका," सत्तारभाई जॅक पुसत म्हणाले, "दिवा बसतोय का बघा."

संध्याकाळी देवापुढे ठेवून बघितला. दिवा बरोब्बर बसला, तेलही सांडलं नाही.

उद्या बाजारातून नवा पोळपाट आणायचा.