तेरवीनंतरचा पुंजाराम

पुंजारामला आपण मेल्याची बातमी आठ महिने उशिरा कळली.

त्रेपन्न सालचा चैत्र होता. परतवाड्याबाहेरच्या मिशनच्या महारोगी दवाखान्यात तो ओट्यावर बसून घमेल्यात पाय भिजवत होता. त्या दिवशी नव्यानेच भरती झालेला एक माणूस त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. नाव नत्थुजी. पुंजारामच्या बोरखेडीला लागून असलेल्या गावचा.

"तू बोरखेडीच्या डोमाजीचा भाऊ ना?"

"व्हय."

"तू तं मेला."

पुंजारामने पाय घमेल्याबाहेर काढले. "कवा?"

"मागच्या श्रावणात. वर्धा नदीच्या पुरात वाह्यला म्हणे. मी होतो ना तुह्या तेरवीले." नत्थुजीने जरा आठवून पाहिलं. "वरणात मीठ जास्त होतं."

पुंजाराम मोर्शीकडच्या काळ्या जमिनीतला कुणबी. तीन वर्षांपूर्वी शेतात हुरड्याला सगळे जमले असताना त्याने आगटीतून कणीस काढलं आणि गप्पांच्या नादात निखाराही मुठीत धरून ठेवला. कातडं जळाल्याचा वास आधी शेजाऱ्याला आला. पुंजारामला काहीच कळलं नव्हतं. मग पाठीवरचे चट्टे कुणीतरी मोजले, करंगळी वाकडी झाल्याचं कुणाच्या तरी ध्यानात आलं. एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात थोरला भाऊ डोमाजी त्याला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात सोडून गेला. जाताना म्हणाला, "पोळा झाला का येतो." पोळे दोन झाले. डोमाजी आला नाही.

का आला नाही ते आता नत्थुजीने सांगितलं. पुंजारामची एकुलती एक लेक कौशल्या, तिचं अकोल्याच्या एका घरी जमत होतं. मुलगा जिनिंग फॅक्टरीत कारकून. पाहुण्यांनी विचारलं, पोरीचा बाप कुठे आहे? महारोगी बापाची पोर कोण करून घेणार? डोमाजीने सांगितलं, बाप पुरात गेला. एकदा सांगितल्यावर पुढचं सगळं करणं आलं. प्रेत सापडलं नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीवर जाळला. पुंजारामच्या बायकोच्या, मैनाबाईच्या, बांगड्या फोडल्या. तेरवी झाली आणि माघात लग्नही लागलं.

"लगन चांगलं झालं?" पुंजारामने विचारलं.

"झ्याक. बँड होता."

"मंग बरं झालं," पुंजाराम म्हणाला आणि त्याने पाय परत घमेल्यात घातले.

त्यानंतरचे काही महिने तो रोजच्यासारखाच राहिला. गोळ्या घेत होता, जखमा धुऊन घेत होता, दवाखान्याच्या चपलांच्या कारखान्यात बसत होता. कारखाना म्हणजे एक खोली. बधिर पायांना खिळा लागला तरी समजत नाही, म्हणून तिथे जुन्या टायरच्या जाड रबराच्या बिनखिळ्याच्या चपला शिवत. कुणब्याने चपला शिवायच्या, हे आधी त्याला जड गेलं होतं. आता त्याने विचार केला की जात जिवंत माणसाला असते, आणि दाभण हातात घेतलं.

मिशनच्या देवळाचे पाळक भगवंतराव अमरावतीचे. सडपातळ, शांत, प्रत्येक वाक्य संपवूनच पुढचं बोलणारे. दर बुधवारी ते कारखान्यात येऊन बसत. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या बुधवारी त्यांनी वधस्तंभाची गोष्ट सांगितली. येशूने काही केलं नव्हतं, तरी दुसऱ्यांच्या पापासाठी त्याने आपला जीव दिला, असं ते म्हणाले.

पुंजारामने दाभण खाली ठेवलं. "मी बी दुसऱ्यासाठीच मेलो, पाळकसाहेब. पोट्टीच्या लग्नासाठी."

भगवंतरावांना ती हकीकत ठाऊक होती. ते म्हणाले, "तेच सांगतोय मी. तुझं दुःख त्याला कळतं."

"कळत असन. पर त्याच्यात आन् माह्यात फरक आहे. त्याले इचारलं होतं. तुमीच सांगितलं, बागेत रातभर इचार केला त्यानं, नको बी म्हणला, आन् मंग व्हय म्हणला. मले कोणी इचारलंच नाई."

भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. रविवारी पुनरुत्थानाच्या सणाला पुंजाराम देवळात सर्वांत मागे बसला. येशू तिसऱ्या दिवशी उठला हे ऐकून तो बाहेर पडताना नत्थुजीला म्हणाला, "तिसऱ्या दिवशी उठला थे बरं केलं. तेरवी होऊन गेली असती तं पंचाईत होती."

पंचावन्न साली त्याने बाप्तिस्मा घेतला. भगवंतरावांनी रीतीप्रमाणे समजावून सांगितलं की यात जुना माणूस मरतो आणि नवा उठतो. पुंजाराम म्हणाला, "जुना मेलेलाच आहे. अर्धं काम घरच्याइनं करून ठेवलं. तुमी बाकीचं करा."

अठ्ठावन्न साली डॉक्टरांनी त्याच्या कानाच्या पाळीची चामडी तपासली. वर्षभर तपासत होते. रोग गेला होता. बोटं वाकडी राहिली, डाव्या हाताची दोन आखूडच राहिली, पण त्याच्यापासून आता कुणाला काही व्हायचं नव्हतं. तसा कागद त्याला मिळाला. त्याने कागद चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मोर्शीची एस.टी. धरली.

गावात तो गेला नाही. बांधाबांधाने भर दुपारी संत्र्याच्या बागेत पोचला. डोमाजी झाडांभोवती आळी करत होता. त्याने वर पाहिलं, फावडं तसंच हातात धरून तो खाली बसला. म्हणाला, "पाणी पितं?"

"पितो."

डोमाजीने मडक्यातून पाणी दिलं. पुंजारामने कागद काढून दाखवला. डोमाजीला वाचता येत नव्हतं, तरी त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"गेला का रोग?"

"गेला."

"पुरा?"

"पुरा. बोटं अशेच राह्यतीन."

इतक्यात मैनाबाई भाकरी घेऊन आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिने टोपलं खाली ठेवलं, नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि टोपल्यावरचं फडकं काढून तिघांसाठी भाकरी मोडायला लागली. तीन माणसांना पुरेल इतकी नव्हती. तिने आपली घेतलीच नाही.

जेवण झाल्यावर डोमाजी बोलला. कौशल्याला दोन मुलं झाली होती. सासू कडक होती. बाप जिता आहे, आणि कोणत्या दवाखान्यात होता, हे अकोल्याला कळलं तर पोर दुसऱ्या दिवशी बोरखेडीच्या ओसरीवर येऊन बसेल.

"तवा तुले इचारलं नाई म्या," डोमाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "सहा वर्षं झाले, माह्या गळ्याखाली घास सरका जात नाई. आता इचारतो. तू म्हणशीन तं आताच गावात जाऊ. तुह्या वाट्याची जमीन आहे, घर आहे. मी चावडीवर सांगतो का मी खोटं बोललो."

मैनाबाई भांडी गोळा करत होती. माती ओली होती, संत्र्याची झाडं बहरात होती, आणि हे सगळं निम्मं त्याचं होतं. दवाखान्यात सात वर्षं त्याने या बागेचीच स्वप्नं पाहिली होती. भावाला काय काय बोलायचं तेही ठरवून आला होता. आता त्यातलं एकही वाक्य त्याला सापडेना.

"नको," तो म्हणाला. "मेलो थे बरंच आहे."

"रागानं म्हणून राहिला?"

"नाई. इचारलं म्हून सांगून राहिलो."

चारच्या गाडीने तो परतला. भगवंतरावांना त्याने एवढंच सांगितलं की आता आपला आणि येशूचा हिशोब थोडा जुळतो, मात्र त्याला उठल्यावर आपल्या माणसांना भेटता तरी आलं. भगवंतराव म्हणाले की उठल्यावरही त्याच्या हातावरचे खिळ्यांचे व्रण गेले नव्हते, थोमा नावाच्या शिष्याने ते पाहूनच त्याला ओळखलं. पुंजारामने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "मंग बोटं सरळ व्हायची वाट पाह्यत नाई," म्हणाला आणि कामाला लागला.

वीस दिवसांनी मैनाबाई पत्र्याची पेटी घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली.

"तू काहून आली?"

"तुमी दोघं भाऊ बोलले. मले कोणी इचारलं का?"

पुंजारामने तिच्या हातातली पेटी घेऊन आत ठेवली.

ती गावात सांगून आली होती. कुणब्यात विधवेला पाट लावून दुसरं घर करता येई आणि त्यात कुणी विशेष मानत नसे. तिने जाहीर केलं की परतवाड्याला चपला शिवणारा एक ख्रिस्ती माणूस आहे, त्याच्याशी मी पाट लावते. यात एकही शब्द खोटा नव्हता. चाळिशीतल्या विधवेने घर करावं, तेही बाटलेल्या, चपला शिवणाऱ्या माणसाशी, यावर बोरखेडी दोन महिने बोलत राहिली. नदीवर बायका तिच्या नावाने थुंकल्या. मैनाबाईच्या सख्ख्या भावाने तिचं तोंड पाहणार नाही असं सांगितलं. पण मेलेल्या पुंजारामच्या मरणाला कुठे धक्का लागला नाही.

पेच पडला तो भगवंतरावांना. मिशनच्या चाळीत जोडप्याला खोली द्यायची तर लग्नाची नोंद हवी. ते वही उघडून बसले.

"बाई, तुम्ही विधवा ना?"

"व्हय. सहा वर्षं."

"पहिल्या नवऱ्याचं नाव?"

तिने पुंजारामकडे बोट केलं. "नाव घेत नाई मी. हेच."

मेलेल्या माणसाशी लग्न लावता येत नाही, आणि ज्याच्याशी लागलेलंच आहे त्याच्याशी परत लावता येत नाही. शेवटी त्यांनी वही मिटली, प्रार्थना केली आणि खोलीची किल्ली दिली. मैनाबाईने किल्ली घेताना एक गोष्ट आधीच सांगून टाकली. "बाप्तिस्म्याचं पुढं पाहू. पर कुंकू आता मी पुसत नाई." मिशनमधल्या बायका कुंकू लावत नसत. भगवंतराव म्हणाले, "मी काही पाहिलं नाही."

त्या खोलीत दोघांनी सात वर्षं संसार केला. अकोल्याहून कुणी आलं नाही. येणार नाही हे मैनाबाईला ठाऊकच होतं. आईने पाट लावल्याचं ऐकून लेकीला काय वाटलं असेल, हे ती पुंजारामला कधी बोलून दाखवत नसे. दर पुनरुत्थानाच्या रविवारी भगवंतराव पुंजारामला उभं राहून साक्ष द्यायला सांगत आणि दर वर्षी तो म्हणे, "माही गोष्ट सांगितली तं फिरत फिरत पोट्टीच्या घरी जाईन."

पासष्टच्या दिवाळीनंतर एक दिवस कौशल्या आली. अठ्ठावीस वर्षांची, अंगाने भरलेली, हातात केळ्यांची पिशवी. ती वाकून दोघांच्या पाया पडली आणि पुंजारामला म्हणाली, "कसे आहा, बाबा?"

मैनाबाई आधी भानावर आली. "तुले कोणं सांगितलं?"

"मले मालूम होतं."

"कवापासून?"

"पयल्यापासून. बाबाले दवाखान्यात सोडून आला त्या दिवशी काका कोठ्यात बैलापाशी जाऊन रडला होता. पुतळा जाळला त्या दिवशी रडला नाई. मी समजली." कौशल्याने केळी काढून ताटलीत ठेवली. "लग्नात लोकाइले वाटे, मेलेल्या बापासाठी रडून राहिली. मी जित्यासाठी रडत होती. आन् तुह्या पाटाची बातमी आली तवा सासू चार दिवस घालून पाडून बोलली. तू कोणासंग पाट लावला थे मी समजली, आन् गप बसली."

"आन् जावईबापू?" पुंजारामने विचारलं.

"सासूबाई वारल्या औंदा. मंग यायले सारं सांगितलं. जेवत होते. म्हणे, 'अस्सं.' मंग भाजी मांगतली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जाऊन ये."

"कायची भाजी होती?" मैनाबाईने विचारलं.

"गवाराची."

संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. पुंजाराम त्यानंतर चार दिवस कारखान्यात गेला नाही. खोलीच्या दारात बसून राहिला. मैनाबाईने त्याला हटकलं नाही.

पुढच्या वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी भगवंतरावांनी सवयीने विचारलं आणि पुंजाराम उभा राहिला. देवळात चाळीसेक माणसं होती. तो बाकाला धरून बोलला.

"मी सहा वर्षं मेलेला होतो. मले वाटे, मरणं माहंच होतं, सोसणंबी माहंच. पर मी अथी दवाखान्यात दोन टाइम जेवत होतो, गोळ्या घेत होतो. मरणाचं काम घरी चालू होतं. माह्या बायकोनं सोसलं. पोट्टीनं पंधराव्या वर्षी तोंड शिवून घेतलं. भावाले घास गेला नाई. येशूनं सोसलं थे मी आयकलं होतं. माह्यासाठी कोणं कोणं सोसलं थे मले आता समजलं. मी उठलो असन तं त्यायच्या खांद्यावर उठलो. एवढंच आहे."

तो बसला. भगवंतरावांना पुढच्या गीताचा क्रमांक सांगायचा होता. तो त्यांना आठवेना. शेवटी नत्थुजीने आपल्या मनानेच एक गीत उचललं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून म्हटलं.

बाहेर कडुनिंबाखाली प्रीतिभोजनाची पानं मांडत होते. मैनाबाईने पुंजारामला बाजूला घेतलं.

"लोकाइसमोर बोलाले उभे राह्यले, आन् सदऱ्याची गुंडी उघडी."

"मले लावता येत नाई."

"मले मालूम नाई का? सांगायचं होतं."

तिने गुंडी लावली, कॉलर नीट केली, आणि दोघं पंगतीत जाऊन बसले.