मांडी घालणारा पाय

बायको जाऊन अजून वर्ष झालं नाही. लोक सांगतात, आता विसरा. का विसरू? मी आठवण काढली तर तुमच्या घरचं काय जातं?

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. उसाच्या बैलगाडीखाली सापडून तिचा डावा पाय गेला. मांडीतून कापला. सोलापुरात आमची एक खोली, ती विड्या वळायची. मांडी घालायची, वर पान-तंबाखूचं सूप घ्यायचं, दिवसभर हात चालवायचे. पाय गेल्यावर सूप एका अंगाला कलंडायला लागलं. खाली उशी घालून बघितली, भिंतीला टेकून बघितलं. पाठ धरायची.

मग इंजिनिअरिंग कॉलेजातला एक पोरगा आला. शेवटच्या वर्षाला काहीतरी नवं बनवून दाखवायचं असतं, त्यानं कृत्रिम पायाचा विषय धरला होता. दवाखान्यातून आमचा पत्ता काढला. तिला कॉलेजात नेलं, खुर्चीवर बसवून मापं घेतली. काही महिन्यांनी लाकडाचा, चामड्याचा पाय घेऊन आला. ती उठून उभी राहिली, खोलीभर चालली. पोराचं तोंड फुललं. मग ती खाली बसायला गेली. गुडघा वाकायचा, पण खुर्चीत बसल्यासारखा. आडवा दुमडेचना.

"ह्ये काय रं लेकरा?" ती म्हणाली. "मी काय खुर्चीत बसून विड्या वळणारी मामलेदारीण हाय व्हय?"

"मावशी, पुस्तकात पाय असाच दिलाय."

"मग पुस्तकालाच लाव की."

पोरगा हसला. पण पाय काखेत मारून गेला, आणि हिवाळाभर त्याच्यामागं लागला. गुडघ्याच्या वर त्यानं एक फिरणारा सांधा बसवला. कळ दाबली की खालचा पाय आडवा वळायचा आणि मांडी बसायची. सूप कलंडायचं थांबलं.

परीक्षेच्या दिवशी पोरानं आम्हा दोघांना कॉलेजात नेलं. बाहेरून आलेले साहेब पाय बघून खूश होऊन गेले. ते गेल्यावर तिथले सर म्हणाले, "बाई, आता पाय काढून द्या. कॉलेजच्या सामानातून केलेला आहे. कपाटात ठेवायचाय."

माझं डोकं फिरलं, मी पुढं झालो. तिनं मला हातानं मागं सारलं. लुगड्यावरूनच कळ दाबली आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसली.

"काढा," म्हणाली. "ज्याला काढायचाय त्यानं हात लावावा."

कुणी हलेना. पोरगा खाली मान घालून उभा होता, तो बोलला, "सर, प्रयोग अजून संपलेला नाही. टिकतो किती ते बघायचंय."

सर चिडले. "किती दिवस बघणार?"

जबाब तिनं दिला. "मी हाय तवर."

आम्ही पाय घेऊनच घरी आलो. पोराला मागनं लई बोलणी बसली म्हणे. पुढं पट्टे झिजले, बदलले. चामडं फाटलं, मी नवं लावून आणलं. ती त्याच पायावर म्हातारी झाली.

आमच्यात मयताला मांडी घालून बसवून माती देतात. ती गेली तेव्हा भावकी गोळा झाली. एकजण म्हणाला, "ते लाकूड काढा आधी. असलं मातीत जात न्हाय."

मी म्हणालो, "काढ की. लाव हात."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मागं सरकला. मग मीच वाकलो, कळ दाबली आणि तिला नीट बसवलं.