तळाशी लिहिलेलं

संग्रहालयात प्राचीन चीनमधलं तीन पायांचं काशाचं पातेलं पाहत उभी होते. बाहेरून इतकी बारीक नक्षी, की बोट ठेवायला जागा नाही. अक्षरं मात्र आत, पार तळाशी. मुला-नातवंडांनी हे कायम वापरावं, असा त्यांचा अर्थ शेजारच्या पाटीवर दिला होता. कारागिरानं ती आधी मातीच्या साच्यात उमटवली आणि मग वितळलेलं कासं ओतलं. एवढ्या कष्टानं लिहिलेलं रोज अन्नाखाली झाकलं जायचं आणि जेवणं उरकली, की पुन्हा दिसायचं.

नीट बघायला मी पुढे वाकले.

"काकू, काचेला हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

वापरा म्हणून सांगणारं भांडं, आणि हात लावायची चोरी!

घरी येऊन माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. त्याच्या काठावर आम्हा दोघांची नावं आहेत. हे गेल्यापासून ते खाली आलंच नव्हतं. परवा लेक फोनवर म्हणाली होती, "आई, देऊन टाक ना ते कुणाला तरी."

हट्टानं त्यातच भात लावला.

माझ्या एकटीच्या तांदळानं तळसुद्धा झाकला नाही.