अपेंडिक्सनं वाचवलेली किडनी

"उजवी किडनी काढावी लागेल," असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी कंडक्टरच्या गणवेशातच होते. सोयगावची फेरी संपवून थेट दवाखान्यात आले होते. बसच्या प्रत्येक धक्क्याला कंबरेत कळ येत होती.

दोष माझाही होता. ड्युटीवर बायकांची धड सोय नसते, म्हणून मी दिवसभर पाणीच टाळायचे. खडा झाला आणि युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, अडकून बसला. मी दुखण्याची गोळी घ्यायचे आणि कामावर जायचे. अखेर दुर्बिणीनं खडा काढला, पण तोवर नळी तिथं आकसून गेली होती. याला स्ट्रिक्चर म्हणतात; त्यामुळं लघवी वर किडनीतच तुंबत होती.

छावणी भागात राहणारी माझी मोठी नणंद शोभाताई हे ऐकताच घरी आली. "इतकी काय घाई हाय? दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. ते बी काढा म्हणले, तर मग बघू."

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी नेफ्रोस्टॉमी केली. पाठीतून किडनीत नळी घालून लघवी बाहेर पिशवीत काढली. किडनीवरचा ताण उतरल्यावर स्कॅन झालं. किडनी अजून चांगलं काम करत होती.

मग त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागं चित्र काढलं. "खराब भाग बोटाएवढा लांब आहे. कापला तर टोकं जुळणार नाहीत. पण तुमचं अपेंडिक्स शेजारीच आहे, तेही पोकळ. त्याच्या रक्ताच्या नसा न तोडता ते मध्ये जोडू."

"आणि ते खराब निघालं तर?" मी विचारलं.

"ते आत पाहिल्यावरच कळेल. मग आतड्याचा तुकडा वापरू. तेही जमलं नाही, तर किडनी काढावी लागेल. तिन्हींसाठी सही लागेल."

यजमानांचा हात कागदावर थांबला. मी पेन घेतलं. "माझं पोट हाय, मीच करते सही."

शुद्धीवर येताच मी पहिलं विचारलं, "किडनी?"

"हाय, हाय!" शोभाताई म्हणाली. "अपेंडिक्स लई कामाला आलं बघ."

पाचव्या दिवशी ताप चढला, तेव्हा मात्र मी हबकले. इंजेक्शनं बदलली, दोन दिवसांत उतरला. जोड भरेपर्यंत आत डीजे स्टेंट, म्हणजे मऊ बारीक नळी, ठेवली होती. तिच्यामुळं सारखी लघवीला लागायची, जळजळायचं. दीड महिन्यानं ती काढली. नंतर शिरेतून डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, देऊन एक्स-रे काढले. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. किडनीतून निघालेली पांढरी रेघ मध्ये जराशी वाकडी होऊन खाली मूत्राशयात पोचली होती.

"वाट मोकळी आहे," ते म्हणाले. मी त्या रेघेवर वरून खालपर्यंत बोट फिरवून पाहिलं.

अपेंडिक्स प्रत्येकालाच उपयोगी पडतं असं नाही. पण अवयव काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा. पाणी प्या. दुखणं अंगावर काढू नका.

परवा तपासणीला गेले, तर बाकावर एक बाई पाठीच्या नळीची पिशवी पदराखाली लपवून बसली होती. मी शेजारी टेकले. "मला बी होती अशीच."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "मग आता काम जमतं का?"

"व्हय, रोज मुकुंदवाडीहून डेपोला जाते अन् दिवसभर बसमध्ये उभी राहते."

तिनं पदर बाजूला केला, पिशवी मांडीवर घेतली आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागली.