राहुरीच्या हद्दीतलं कोकण

आमच्या थोरल्या साडूंइतका कोकणी माणूस अख्ख्या कोकणात सापडणार नाही, आणि तरुणपणी एका मित्राच्या लग्नाला तीन दिवस गेले होते तेवढं सोडलं, तर त्यांनी कोकण पाहिलेलं नव्हतं. हे विधान मी जबाबदारीने करतो. मी नगरला एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. फुगवलेला आकडा दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची मला सवय आहे. साडूभाऊंच्या बाबतीत मात्र रेघ कुठे मारायची हेच कळत नाही. राहुरीच्या बाहेर, मनमाड रस्त्याला लागून त्यांचं घर आहे. पुढे जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करून देण्याचं दुकान, मागे अडीच गुंठे जागा. चहूकडे ऊस, कांदा, नाहीतर उघडं काळं रान. उन्हाळ्यात हवा पापडासारखी कोरडी, हिवाळ्यात पहाटे बादलीतलं पाणी हाताला चावतं. अशा मुलखात त्यांच्या कंपाउंडच्या आत नारळ आहेत, फणस आहे, केळी, अळू, मिरवेल आहे, आणि त्यांच्या सर्वांत लाडक्या, सुपारीच्या झाडांची म्हणजे पोफळींची एक रांग आहे. त्या लग्नाला गेले तेव्हा तीन दिवस ते मांडवात फिरकलेच नाहीत म्हणे. गुहागरकडच्या एका वाडीत पाटाच्या कडेला बसून राहिले आणि पिशवीत पोफळीची पाच रोपं घेऊन परतले. ती मेली. पुन्हा मागवली, तीही मेली. आज उभी आहेत ती चौथ्या खेपेची.

काळ्या मातीत कोकण रुजत नाही असं मत पडल्यावर त्यांनी माती आणवायला सुरुवात केली. नात्यातलं कुणीही कोकणात फिरायला निघालं की त्याच्या हातात आधी रिकामं पोतं यायचं. लोक देवाचा अंगारा आणतात, आम्ही साडूंना लाल माती आणायचो. एकदा आम्ही गणपतीपुळ्याहून येताना पोलिसाने गाडी थांबवून डिकी उघडायला लावली. "पोत्यात काय?" "माती." "कसली माती?" "साडूंची," माझी बायको पटकन बोलून गेली. त्यानंतर ते पोतं रस्त्याच्या कडेला पूर्ण रिकामं करून दाखवावं लागलं आणि चहा प्यायच्या कपांनी पुन्हा भरावं लागलं. साडूभाऊंना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "समदी भरली ना पर?"

हवेचंही त्यांनी तसंच केलं. मोटारी आणि पंप हा हातचाच मळ, त्यामुळे बारीक तुषार उडवणारी नळ्यांची एक यंत्रणा त्यांनी झाडांवरून फिरवली. तरी मे महिन्यात पोफळीच्या पानांचे शेंडे करपायला लागले, तेव्हा घरातला कूलर उचलून मागच्या दारात ठेवला, तोंड झाडांकडे करून. माझी मेव्हणी, आमची अक्का, आत पदराने वारा घेत बसायची आणि मागे पोफळी वाळ्याच्या वासाचा गार वारा खात डुलायच्या. मी एकदा थर्मामीटर घेऊन गेलो. कंपाउंडच्या बाहेरचं आणि आतलं तापमान मोजलं. फरक जेमतेम दीड अंशाचा निघाला. तो त्यांना दाखवला. त्यांनी काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "पाव्हनं, तुमचा पारा नगरचा हाय. त्याला कोकनातलं काय कळतंय?" त्यांच्या कोकणात एकच उणीव होती. गळ्यात माळ असल्यामुळे मासळी वर्ज्य. "त्येवढं सोडून समदं हाय," असं ते थोडं ओशाळून सांगायचे, जणू पाहुण्याने बांगड्याचं कालवणच मागितलं होतं.

पण खरं सांगायचं तर त्या जागेत संध्याकाळी बसलं की माझंही गणित सैल पडायचं. पाण्याची धूळ पानांवर उतरायची, तिच्यातून तिरपं ऊन यायचं, अळूवरून थेंब घरंगळायचे. भिंतीपलीकडे कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जायचे. घरघर लांबून वाढत यायची, भिंतीशी यायची आणि विरत जायची. साडूभाऊ डोळे मिटून खुर्चीत बसलेले असायचे. "ऐका," ते म्हणायचे, "भरती लागली." मी हसत नसे. दोन-चार ट्रॅक्टर गेल्यावर मलाही भिंतीपलीकडे पाणीच आहे असं वाटायला लागे, आणि घरी जाताना दरवाजा उघडून रस्ता दिसला की क्षणभर चुकल्यासारखं होई.

हिवाळ्यातली तऱ्हा आणखी वेगळी. दिवाळी झाली की साडूभाऊ झाडांना कपडे घालतात. नारळाच्या रोपांना कानटोप्या, मिरवेलीला मफलर, अळूवर चादर, केळीला अक्काचा जुना लाल स्वेटर. अंधुक पहाटे दूध घालायला आलेल्या एका नव्या गवळ्याने त्या केळीला "राम राम मावशी" केल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. अक्काने लग्नाला जायचं म्हणून कपाट उघडावं तर शाल नाही. ती मागे फणसाच्या खांद्यावर. "माझ्या माहेरच्या शाली झाडं पांघरत्यात," ती म्हणायची, "आन् मी लग्नात काकडती." साडूभाऊ गंभीरपणे उत्तर द्यायचे, "तुला चालता येतं, उन्हात जाऊन बसशील. त्येनं कुठं जावं?"

त्यांना एकच मुलगी, स्नेहल. ती चिपळूणला बँकेत लागली तेव्हा साडूभाऊंनी पेढ्यांबरोबर मातीचं पोतंही तिच्याकडेच सोपवलं. दोन वर्षांनी तिने घरी सांगितलं की बरोबरचा एक मुलगा तिला पसंत आहे. घर गुहागरजवळ, माणसं साधी, नारळ-पोफळीची वाडी. आम्हाला सगळ्यांना वाटलं, साडूभाऊ आता अंगणात नाचतील. ते म्हणाले, "लांब पडतंय."

"काय लांब पडतंय?" अक्का उसळली. "त्या कोकनापायी माझा कूलर गेला, शाली गेल्या. कंपाउंडात कोकन चालतंय, आन् लेक निघाली की लांब व्हय?"

"झाडाचं येगळं, लेकराचं येगळं."

नकार मात्र त्यांनी दिला नाही. त्यांनी अट घातली. आमच्याकडे लग्न ठरताना दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून सुपारी फोडतात. ती फुटली की शब्द पक्का, मग कुणी मागे फिरत नाही. साडूभाऊ म्हणाले, माझ्या लेकीच्या लग्नाची सुपारी बाजारातली नको, माझ्या झाडाची पाहिजे. आता त्या पोफळींना दरवर्षी फुलोरा यायचा आणि दरवर्षी गळायचा. आजवर एक सुपारी धरली नव्हती. अक्काने मला समजूत घालायला पाठवलं. मी म्हटलं, "साडूभाऊ, हा सरळ नकार झाला." ते दुखावले. "म्या न्हाई म्हनलोय का? झाडाला म्हना." आणि त्यांच्याकडे पाहताना मला कळेना की हा माणूस पळवाट शोधतो आहे की खरोखर झाडावर विश्वास ठेवून बसला आहे. बहुधा दोन्ही.

झाडाने त्याच वर्षी ऐकलं. पावसाळा सरता सरता मधल्या पोफळीला एक घोस धरला, हिरव्या मण्यांचा. इतक्या वर्षांची आस पुरी झाली आणि साडूभाऊंची झोप उडाली. सकाळी शिडी लावून वर चढायचे, घोसावरून हात फिरवायचे, दाणे मोठे झालेले पाहून हरखायचे, आणि खाली उतरले की तोंड पाडून बसायचे. "आली तर पोरगी जाती," ते मला म्हणाले, "आन् न्हाई आली तर इतक्या वर्सांचं पानी वाया जातंय."

"मग पाणी घालायचं थांबवा," मी सरळ हिशेब सांगितला.

"असं कसं थांबवू? ल्हान हाय ती अजून."

थंडी पडायला लागल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून स्वतःच्या वडिलांची काळी घोंगडी काढली आणि शिडीवर चढून घोसासकट झाडाचा माथा गुंडाळला. त्या घोंगडीला ते कुणाला हात लावू देत नसत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मुलाचे वडील आले. रात्रभराचा एसटीचा प्रवास करून एकटेच. बोलणी होत नाहीत तर निदान भेटून यावं, म्हणून. आम्ही नवरा-बायको आदल्या दिवशीच येऊन राहिलो होतो, स्नेहलही रजेवर आलेली होती. गृहस्थ किडकिडीत, हसरे, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खांद्यावर पंचा. त्यांच्याकडे डिसेंबरातही एवढ्यावर भागत असणार. आमच्याकडे त्या दिवशी तोंडातून वाफ निघत होती. ऊन येईल म्हणून मागे अंगणात खुर्च्या मांडल्या, पण ऊन भिंतीपलीकडेच होतं. पाहुण्यांचे दात वाजायला लागले. चहाची बशी हातात खुळखुळत होती तरी ते सभ्यपणे म्हणत होते, "छे छे, छान गारवा आहे हो."

अक्का शाल आणायला आत धावली. कपाट रिकामं. पेटी रिकामी. घरातलं, आणि आमच्या पिशवीतलंही, ऊबदार म्हणावं असं एकूण एक कापड बाहेर झाडांवर होतं. ती दारात येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, मानूस कुडकुडतोय, आन् तुमची केळ स्वेटर घालून हुबी हाय!"

साडूभाऊ लगबगीने उठले. केळीचा स्वेटर काढला. तो दवाने भिजलेला, बाहीला गोगलगाय. फणसाची शाल काढली, तीही ओली. अळूची चादर तर चिखलातच होती. पाहुणे "असू द्या हो, असू द्या" म्हणत होते आणि त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. कोरडी अशी एकच वस्तू होती, उंचावरची. साडूभाऊंनी वर पाहिलं. स्नेहलही वर पाहत होती. मग त्यांनी शिडी उचलली, मधल्या पोफळीला टेकवली, वर चढले आणि एकेक गाठ सोडायला लागले. वाऱ्याने पानं फडफडली. उघड्या पडलेल्या घोसाशी ते जरा वेळ थांबले, मग घोंगडी काखेत मारून खाली आले आणि ती दोन्ही हातांनी पाहुण्यांच्या खांद्यांवर पांघरून गळ्याशी नीट आवळली.

पाहुण्यांनी घोंगडीत मान खुपसली. बऱ्याच वेळाने त्यांची बशी स्थिर झाली. ते सभोवार पाहत होते. टोप्या, मफलर, तुषारांच्या नळ्या. आम्हाला वाटलं, आता हसतील. "आमच्याकडे झाडाकडे कोण बघतो?" ते हळू म्हणाले. "आपली आपण वाढतात, पडतात. खरं सांगू? आम्हाला जपायची सवयच नाही. मुलगी दिलीत तर ते शिकायला लागेल आम्हाला."

पाहुण्यांना साडूभाऊंनी आग्रहाने ठेवून घेतलं. थंडीने त्या दिवसांत कहर केला, आणि घोंगडी काही पाहुण्यांच्या अंगावरून उतरली नाही. पाहुणे परत द्यायला गेले तरी साडूभाऊ घेत नव्हते. तिसऱ्या सकाळी पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला होता. आम्ही सगळे चूळ भरायचं विसरून तसेच उभे राहिलो. साडूभाऊ खाली वाकले, एक उचलली, बाहीला पुसली.

"आडकित्ता आना," ते म्हणाले.

"अहो, कोवळी हाय ती," अक्का म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती.

"माझ्या झाडाची हाय का न्हाई?"

सतरंजी अंथरली, पाट मांडला, हळद-कुंकू आलं. सुपारी फुटताना कटकन वाजते. ही वाजली नाही. आडकित्त्यात दाबल्यावर ती मऊ चिरली गेली आणि तिच्यातून थोडं पाणी आलं. पाहुणे संकोचाने माझ्याकडे पाहायला लागले, मी बायकोकडे. हिला फुटली म्हणायचं की नाही, हे कुणालाच ठरवता येईना.

"फुटली," साडूभाऊ म्हणाले.

लग्न वैशाखात झालं. दिवाळीनंतर साडूभाऊ पहिल्यांदाच लेकीकडे राहायला गेले, चांगले पंधरा दिवस राहतो म्हणून. आठवड्याच्या आत परत आले. मी मुद्दाम नगरहून भेटायला गेलो. ते मागे खुर्चीत बसले होते.

"काय, करमलं नाही?" मी विचारलं.

"लई झकास हाय. पाट हाय, सावली हाय. नुस्तं बसून ऱ्हायचं. पानी घालाया गेलो तर म्हनले, राहू द्या, लागत न्हाई."

"आणि स्नेहल?"

त्यांनी नळ्यांच्या कळीला हात घातला, पण फिरवली नाही.

"बरी हाय," ते म्हणाले. "लई बरी हाय, पाव्हनं. माझी काईच गरज न्हाई, इतकी बरी हाय."